मी बंद केलेला जन्मदाखला

या, बसा. स्टूल जरा डुगडुगतं, भिंतीला टेकवून घ्या. मी लॅमिनेशनचं मशीन बोलतोय. दुकानात शिरलं की डाव्या हाताला झेरॉक्सचं मोठं धूड आहे, समोर भाऊंचा कॉम्प्युटर आहे, आणि या दोघांच्या मधल्या अरुंद टेबलावर करड्या रंगाचा, एक लाल आणि एक हिरवा दिवा असलेला जो गडी बसलाय, तो मी. माझं काम सोपं. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालायचा आणि माझ्या फटीत सरकवायचा. मी त्याला दोन तापलेल्या रोलरांमधून ओढून घेतो आणि पलीकडून चकचकीत, कडक करून सोडतो. मग पाणी, घाम, चहा, कसर, कशाचीच भीती नाही.

निदान मला तसं वाटायचं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये, पट्ट्यावर झाला. माझ्यापुढे चारशे भावंडं, मागे चारशे, सगळी एका तोंडवळ्याची. पहिली नोकरी एका शाळेत. मुलांची ओळखपत्रं करायचो. हजारो फोटो माझ्या पोटातून गेले असतील, आणि त्यातल्या निम्म्या मुलांचे डोळे मिटलेले. पुढे शाळेने तयार छापील कार्डं आणली आणि मला अडगळीत टाकलं. तिथून भाऊंनी उचललं. भाऊ म्हणजे आमचे मालक. शाळा आठवीपर्यंत, पण फॉर्म भरण्यात वकिलाने त्यांच्यापुढे हात जोडावेत. त्यांनी मला उघडलं, पुसलं, जळालेली तार स्वतः बदलली आणि पहिला कागद घातला. तो सरळ बाहेर आला तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला, पोटापाण्याला लागा."

दुकानात बसून माणूस कळतो, बरं का. समोरचा केस कापणारा स्वतःचं दरपत्रक लॅमिनेट करून घेऊन गेला, आणि आठवड्यात दर वाढवून त्यावर चिठ्ठ्या चिकटवत बसला. एका गृहस्थाने राजीनामा लॅमिनेट करून घेतला. भाऊंनी विचारलं, "साहेब, हा द्यायचा की भिंतीला लावायचा?" तर म्हणतो, "द्यायचाच आहे हो. हिंमत यायला वेळ लागेल, तोवर चुरगळायला नको." अजून त्याच कचेरीत आहे तो. एका नवऱ्याने तर बायको आठ दिवस गावाला जाताना लिहून गेलेली यादी आणली: गॅस बंद कर, झाडांना पाणी घाल, माझ्या आईशी नीट बोल. म्हणाला, "दर वर्षी लागते."

असं हसतखेळत चाललं होतं. पण आज मी तुम्हाला हसवायला बसवलेलं नाही. मला एक कबुली द्यायची आहे.

आमच्या दुकानाला लागून एक खिडकीएवढं दुकान आहे. तिथे रफूवाली मावशी बसते. वय सहासष्ट. कोटाला सिगारेटचं भोक पडलेलं असो की साडीला खिळा लागलेला असो, ती त्याच कापडाचा धागा उसवून असं विणते, की नंतर भोक कुठे होतं हे तिचं तिलाही सापडत नाही. लग्न होऊन ती सीमेपलीकडून या देशात आली, त्याला चाळीस वर्षं झाली. नवरा गेला. लेक आणि नात इथेच. पण कागदोपत्री मावशी अजून पाहुणी. दर दोन वर्षांनी राहण्याचा परवाना नवा करायचा आणि रांगेत उभं राहायचं.

तिची थोरली बहीण मात्र पलीकडेच राहिली. ताई, चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी. दोघींची भेट होऊन बावीस वर्षं झाली होती. मावशीला जायचं होतं, पण अडचण अशी की परवान्यावर असलेला माणूस एकदा बाहेर गेला की परत येण्याची खात्री नाही. लेकीला सोडायचं की बहिणीला, असा पेच. त्यावर उपाय एकच, इथलं नागरिकत्व. ते मिळालं की पासपोर्ट, आणि पासपोर्ट मिळाला की जा आणि ये.

एका शनिवारी मावशी जन्मदाखला घेऊन आली. घड्या पडून पडून चार तुकडे व्हायच्या बेताला आलेला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद. भाऊंनी तो कॉम्प्युटरवर चढवला, अर्ज भरला, तेरा आकडी क्रमांक लिहून दिला. मग दाखला उजेडात धरून म्हणाले, "मावशी, हा पुढच्या पावसाळ्याला टिकायचा नाही. लॅमिनेशन करून टाका. आयुष्यभराची काळजी मिटली."

"मूळ कागद आहे हो भाऊ. चालतं ना?"

"न चालायला काय झालं? जपायचा म्हणूनच करायचं ना?"

भाऊ खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. कागद जपणं हाच त्यांचा धर्म, आणि माझाही.

आता नीट ऐका. त्या दाखल्याच्या खालच्या कोपऱ्यात एक उठावाचा शिक्का होता. शाईचा नाही, दाबून उमटवलेला, बोटाला खडबडीत लागणारा. इतका पुसट, की भाऊंच्या डोळ्यांना दिसला नाही. पण कागद आत आला तसा तो माझ्या रोलरला लागला. अक्षरांचं एक गोल कडं होतं, मध्ये काहीतरी चित्र. मला कळलं, की मी हा दाबला तर हा सपाट होणार.

मला अडकता आलं असतं. पातळ कागद आला की अडकायची माझी जुनी खोड. शंभर फालतू कागदांना मी अडकलो होतो. लग्नाच्या मेनूला अडकलो, गाण्याच्या क्लासच्या जाहिरातीला अडकलो. पण आदल्याच दिवशी भाऊ वैतागून म्हणाले होते, "आता एकदा अडकलास ना, की सरळ भंगारवाल्याला देतो." त्या दिवशी मला शहाणा मुलगा व्हायचं होतं. मी हिरवा दिवा लावला, श्वास रोखला आणि दाखला ओढून घेतला. शिक्का दबताना मला कळला. फुगलेली पोळी बसावी तसा तो बसला. पलीकडून कागद निघाला तो आरशासारखा. मावशी त्यावरून हात फिरवत म्हणाली, "बाई गं, नवा झाला की!"

भाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून चटका देते.

मग सुरू झाले शनिवार. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा मावशी दुकानाची फळी अर्धी ओढून यायची, याच स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "भाऊ, स्टेटस बघा." क्रमांक तिला पाठ झाला होता. भाऊ टंकायचे, ती म्हणायची. वेबसाईट आधी विचारायची, 'तुम्ही यंत्र नाही ना?' भाऊ चौकोनात खूण करायचे. मला कोणी हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं.

मग पडद्यावर पाच गोल यायचे. झालेले हिरवे, चालू असलेला पिवळा, बाकीचे पांढरे. मावशी सुईच्या नेढ्यात एका फटक्यात दोरा ओवणारी, पण पडद्यावरची अक्षरं तिला हलताना दिसायची. ती फक्त गोल मोजायची. "दुसरा अजून पिवळाच का हो?"

"सरकारी गोल आहे मावशी, पिकायला वेळ लागतो."

"आंबा असता तर एव्हाना सडला असता."

दोघं हसायची. दुसरा गोल चार महिन्यांनी हिरवा झाला आणि तिसरा पिवळा झाला. मूळ कागद कचेरीच्या खिडकीवर जमा करायचे होते. मावशी माझा तो चकचकीत दाखला रुमालात गुंडाळून देऊन आली. सहा आठवडे काही हललं नाही.

मग एका शनिवारी गोल तोच होता, पिवळाच, पण त्याच्याखाली बारीक अक्षरांत तीन ओळी आल्या होत्या. भाऊंनी चष्मा वर केला, खाली केला. प्लास्टिकबंद कागद मूळ म्हणून धरला जात नाही, उठावाचा शिक्का तपासता येत नाही, नव्वद दिवसांत दुसरी मूळ प्रत द्यावी, नाहीतर अर्ज बंद.

"काय म्हणतंय?" मावशीने विचारलं.

भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "प्रोसेसमध्ये आहे."

कचेरी पत्र पाठवत नाही, सगळं ऑनलाइन. म्हणजे ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. कचेरीला, भाऊंना आणि मला.

पुढच्या शनिवारी, "प्रोसेसमध्ये." त्याच्या पुढच्या शनिवारी, "चाललंय, चाललंय." मधल्या दिवसांत भाऊंनी काय नाही केलं! कचेरीला फोन लावले, तिथलं संगीत तासतास ऐकलं. दुसऱ्या झेरॉक्सवाल्यांना चाचपडत विचारलं, "लॅमिनेशन सुटतं का रे, एका मित्राचं काम आहे." जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे माझ्यातून काढले आणि इस्त्रीने, गरम पाण्याने, ब्लेडने सोडवून पाहिले. दर वेळी शाई प्लास्टिकबरोबर निघून यायची आणि हातात कोरा कागद राहायचा. भाऊ वाईट माणूस नाही. घाबरलेला चांगला माणूस होता, आणि असा माणूस फार वेळ वाया घालवतो. एकवीस दिवस गेले. मी हिरवा दिवा लावून गप्प बसलो होतो, म्हणजे मीही त्यात आलो.

चौथ्या शनिवारी मावशी आली ती हातात भाऊंचा स्वेटर घेऊन. कोपरावर फाटलेला, खुर्चीच्या पाठीला कायम लटकणारा. तिने न सांगता नेला होता.

"घ्या. शोधा बघू कुठे फाटला होता."

भाऊंनी दोन्ही बाह्या उलटसुलट केल्या. सापडेना.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"वेड लागलं का? दर शनिवारी माझ्यासाठी डोळे फोडता त्या पडद्यावर. घाला, मापात आहे का बघू."

भाऊंनी स्वेटर घातला. एक बाही आत गेली आणि ते तसेच खाली बसले. "मावशी, मी तुमचा दाखला खराब केला," म्हणाले. मग सगळं सांगितलं. शिक्का, नव्वद दिवस, त्यातले वाया गेलेले एकवीस.

मावशीने स्वेटरची लोंबणारी दुसरी बाही सरळ केली. मग ती म्हणाली, "कधी कळलं तुम्हाला?"

"तीन आठवडे झाले."

"भाऊ, रफू करताना माझी कात्री कधी चुकते. तेव्हा मी आधी गिऱ्हाईकाला बोलावते. ओरडतो बिचारा, पण त्याचा कोट वाचतो." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "दाखल्याचं मला एवढं नाही. तुम्ही माझ्या तोंडावर तीन वेळा 'चाललंय' म्हणालात. मी घरी जाऊन ताईला फोन करून तेच सांगत होते. ती माझ्यासाठी गादी उन्हात घालायला लागली होती."

सोमवारी ती दाखला कचेरीच्या खिडकीवरून परत घेऊन आली. तिच्या जगात न सुटणारी वीण नव्हती. माझ्या टेबलाच्या कडेशी बसून, सगळ्यात बारीक सुई घेऊन तिने एका कोपऱ्याचं प्लास्टिक उचलायला सुरुवात केली. तासभर लागला, बोटाच्या पेराएवढं सुटलं. वर उचललं तर वडिलांच्या नावातलं पहिलं अक्षर प्लास्टिकला चिकटून वर आलं होतं. तिने सुई खाली ठेवली. ते अक्षर बोटाने परत जागेवर दाबलं. भाऊ तिच्याकडे पाठ करून कागदांचे गठ्ठे लावत राहिले. लावलेलेच गठ्ठे.

आता एकच वाट उरली. पलीकडच्या नोंदणी कचेरीतून दुसरी मूळ प्रत. वेबसाईटवर चौकशी केली, तर ती फक्त रक्ताच्या नातेवाइकाने समक्ष जाऊन काढायची. रक्ताचं म्हणजे ताई. मावशी म्हणाली, "नको. तिचे गुडघे उठू देत नाहीत तिला." पण भाऊंनी फोन पुढे केला आणि तो स्पीकरवर टाकला.

ताईचा आवाज खणखणीत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोणी केलं हे?"

"दुकानदार आहेत गं. चांगले आहेत."

"चांगली माणसंच असले उद्योग करतात. वाईट माणसाला तुझ्या कागदाची काय पडलीय?" भाऊंनी मान खाली घातली. "आणि मला विचारतेस काय, जाऊ का म्हणून? तू जन्मलीस तेव्हा नोंद करायला बाबांचं बोट धरून मीच गेले होते. आठ वर्षांची होते. तुझं नाव सांगायला बाबा विसरले, ते मी सांगितलं. परत सांगून येते."

"जिने आहेत ताई तिथे."

"तेव्हा पण होते."

नोंदणी कचेरी ताईच्या गावापासून बसने चार तासांवर, दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या खेपेला कारकून रजेवर होता. ती परत आली. आठवड्याने दुसऱ्यांदा गेली. त्या संध्याकाळी मावशीला फोन आला, "मिळाला. शेजारच्या पोराबरोबर रजिस्टर पोस्टाने टाकते." "तू बरी आहेस ना?" "पाय जरा मुरगळलाय. तेल लावते, बसेल."

एक्क्याऐंशीव्या दिवशी पाकीट आलं. भाऊंनी आधी हात धुतले, पुसले, मगच उघडलं. नवा, जाड कागद. खालच्या कोपऱ्यात शिक्का. भाऊंनी त्यावरून अंगठा फिरवला, मग मावशीने फिरवला. पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती, शेजारणीच्या अक्षरात. ताई कचेरीच्या जिन्यावरून उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. पडल्यावर लोक उचलायला धावले, तर म्हणत होती, आधी तो कागद उचला, पायाचं नंतर. डॉक्टर म्हणतात, आता चालणं कठीण.

मावशीने चिठ्ठी वाचली, घडी केली, दाखला भाऊंच्या हातात दिला आणि म्हणाली, "आधी हा जमा करू." तिच्या दुकानाला तीन दिवस फळी लागलेली होती.

अहो, मी निर्जीव आहे, असं म्हणतात. पण त्या खुब्याचं हाड माझ्या रोलरमध्ये मोडलं, हे मला कोणी सांगायला नको.

पुढे पाच महिने शनिवार झाले, पण त्यांत गंमत उरली नव्हती. भाऊ पडद्यावरचा शब्दन् शब्द मोठ्याने वाचून दाखवायचे. अगदी तळाशी असलेली 'सर्व हक्क राखीव' ही ओळसुद्धा. मावशी म्हणायची, "ते राहू द्या." ते म्हणायचे, "नाही, ऐकाच." चौथा गोल हिरवा झाला. मग पाचवा. त्या दिवशी भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मावशी कोरडीच होती. पासपोर्ट यायला आणखी दोन महिने. आणि त्या सगळ्या काळात पलीकडे ताई पलंगावर.

गेल्या शनिवारी मावशी शेवटची येऊन गेली. बघायला आता स्टेटस नव्हतं, तरी बसली. "सोमवारी निघते," म्हणाली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत पोहोचणार होती.

भाऊ हात जोडून म्हणाले, "मावशी, मला माफ करा."

"मी केलं तेव्हाच, स्वेटर घातलात तेव्हा. पण पाय माझा मोडलेला नाही भाऊ." तिने ताईला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

फोन कानाला लावून भाऊ माझ्या टेबलाला टेकले. पलीकडून ताईच म्हणाली, "कोण, चिकटवणारे का?"

"हो, ताई."

"रडू नका. ऐका. त्या रजिस्टरमध्ये बाबांची सही पाहिली मी. सहासष्ट वर्षांनी. कारकुनाने पान उलटायला हात घातला, मी म्हटलं, थांब जरा. तेवढं माझं झालं." आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, धाप लागत होती. "बरं, तिला एक निरोप द्या. ती आली की दारात उभी राहून हाका मारत बसेल, लहानपणापासूनची सवय. मला काही उठता येत नाही. सांगा, दाराला कडी लावत नाही हल्ली. ढकल आणि आत ये."

भाऊंनी फोन ठेवला. पाठ फिरवून त्यांनी निरोप शब्दशः दिला, एकही शब्द न गाळता.

ताईने भाऊंना माफ केलं, मावशीने केलं. भाऊंना शिक्क्याचं ठाऊक नव्हतं, म्हणून ते माफ होण्याजोगे होते. मला ठाऊक होतं. शिक्का माझ्या रोलरला लागला होता आणि मी फक्त भंगारवाल्याच्या भीतीने तो दाबला. हे त्या दोघींना कोणी सांगितलेलं नाही, कारण मला तोंड नाही, नुसती फट आहे. म्हणून तुम्हाला सांगितलं. तुमच्या हातात कागद दिसतोय, तो मला देण्याआधी त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवा. कुठे खडबडीत लागलं, तर मी कितीही हिरवा दिवा दाखवला तरी देऊ नका. घरी न्या. फाटका असला तर फाटका राहू द्या.

आज मंगळवार. संध्याकाळ झाली आहे. शेजारची फळी बंद आहे, आणि भाऊ मघापासून फोनकडे पाहत बसले आहेत. कुठेतरी एक बाई एका दारासमोर उभी असेल आणि तिला आठवत असेल, की हाक मारायची नाही, ढकलायचं.